डब्यातला भुंगा

आमच्या अंबाजोगाईच्या घरात सध्या संगणकाचे राज्य आहे. तो दुकानातून आयता आलेला नाही. थोरल्या नातवाने सुटे भाग जमवून उन्हाळ्याच्या सुटीत स्वतः जुळवला. चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, भुंगा शिरला वाटतं आत!"

वाचकहो, पुढचा आठवडा या भुंग्यामागे गेला. नातवाचे म्हणणे असे, की आधी आवाज ओळखावा. खरखर असेल तर पंखा: धूळ साचली किंवा बेअरिंग झिजले. बारीक शीळ असेल आणि जड खेळ सुरू करताच ती वाढत असेल, तर आतली तारेची गुंडाळी थरथरते. कानाला त्रास, पण धोका सहसा नाही. आणि संथ, एकसुरी घूं असेल, तर तो घरच्या विजेचाच, सेकंदाला 50 आवर्तनांचा सूर.

आमचा रोग तिसरा. स्पीकरची वायर संगणकातून काढली की भुंगा गप्प. नातवाने निदान केले, "आजोबा, पॉवर सप्लाय खराब आहे. नवा घ्यावा लागेल." माझा हात खिशाकडे जाईना. त्याने मित्राचा सप्लाय आणून लावून पाहिला. भुंगा कायम!

तेवढ्यात धाकटी नात अनवाणी आली, डब्याला हात लावला आणि किंचाळली, "आजोबा, डबा चावतो!"

आम्ही दोघेही चपलांत होतो, म्हणून आम्हाला कळले नव्हते. नातवाने टेस्टर टेकवला, तो लागला. मग मात्र आवाजाची गंमत संपली.

झाले होते ते असे. सप्लायच्या तोंडाशी एक गाळणी असते. विजेतला कचरा ती अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत सोडते. ती वाटच तुटली, तर डब्याच्या पत्र्यावर निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आतले एखादे आवरण फाटले, तर पुरे 230 व्होल्ट पत्र्यावर! आणि हीच तार फ्रिजला, तीच पाण्याच्या मोटारीला.

वायरमनला बोलावले. त्यांनी मीटर लावला, मान हलवली आणि परसातली फरशी उचलायला लावली. खालचा अर्थिंगचा खड्डा भाजलेल्या भाकरीसारखा कोरडा. तारेचा सांधा गंजून सुटलेला. "काका, मातीत ओल नसली तर अर्थिंग कसली?" सांधा नवा केला, कोळसा-मीठ भरले, दोन बादल्या पाणी ओतले. संगणक लावला. भुंगा उडाला होता.

आपल्या बीड जिल्ह्याला हे नवे नाही. शेजारच्या परळीत 1971 साली वीज केंद्र सुरू झाले, आणि 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून ते थांबले, हे आपण पाहिले. वीज करायला पाणी लागते हे ठाऊक होते. ती घरात सुखाने नांदायलाही मातीत ओल लागते, हे मला या वयात कळले.

सप्लायची पेटी मात्र कोणी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ 300 व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो. गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घ्यावे. अर्थिंगची तपासणी वायरमनकडूनच करावी.

दिवाळीत माळा लावण्यापूर्वी एवढे कराच. आमच्याकडे आता दर रविवारी खड्ड्यात बादलीभर पाणी पडते. ते काम नातीकडे आहे. डबा तिलाच चावला होता ना!