भाव असलेला कचरा आणि नसलेला

रद्दीचा भाव मराठी मध्यमवर्गाला तोंडपाठ असतो. वर्तमानपत्रांची चळत नीट रचून ठेवायची, त्यातला इंग्रजी पेपर वेगळा काढायचा कारण त्याला किलोमागे थोडे जास्त मिळतात, दुधाची पिशवी धुऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर चिकटवून वाळवायची, जुन्या साड्या पुढे टाकून बोहारणीशी तासभर घासाघीस करायची आणि स्टीलचा डबा पदरात पाडून घ्यायचा. हे सारे आपल्या घरांत कोणताही नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. त्याला कुणी पर्यावरणरक्षण म्हटले नाही. ती साधी काटकसर होती. त्यामुळे ‘आपल्या लोकांना कचरा वेगळा करायची सवयच नाही’ असे जे सभांतून ऐकवले जाते, ते अर्धेच खरे आहे. ज्या वस्तूला भाव आहे, ती आपण वेगळी ठेवतोच. ज्याला भाव नाही, ते सारे एका बादलीत कोंबतो, बादली बाहेर ठेवतो आणि दार लावून घेतो.

या बिनभावाच्या ऐवजात सर्वांत जड असतो तो ओला कचरा. भाजीची देठे, केळीची साले, चहाचा चोथा, उरलेला भात. आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्याचे निम्म्याच्या आसपास वजन याचेच असते आणि त्यातही बहुतांश पाणी. म्हणजे डिझेल जाळून, वाहतूक तुंबवून महापालिका रोज शहराबाहेर जे वाहून नेतात, त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो! तिकडे ढिगाखाली हवा पोचत नाही, मिथेन वायू साठतो, उन्हाळ्यात आगी लागतात आणि पावसाळ्यात काळे पाणी झिरपून आसपासच्या विहिरींत उतरते.

पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. कोथरूडला वस्ती दाटली तसा तिथला कचरा डेपो बंद झाला आणि गाड्या उरुळी देवाची व फुरसुंगीकडे वळल्या. कोथरूडच्या त्या जागेवर पुढे मेट्रोचा डेपो उभा राहिला. फुरसुंगीच्या वाट्याला दुर्गंधी, माश्या आणि पाण्याचे टँकर आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. तेव्हा शहरात गावकऱ्यांना हटवादी म्हणणारे पुष्कळ भेटत. स्वतःच्या फाटकाशी आठ दिवस ढीग साचला की आपण काय करतो, हा प्रश्न मात्र कुणी स्वतःला विचारत नव्हते.

वास्तविक ओल्या कचऱ्याचे खत करणे यात अवघड शास्त्र नाही. ओल्याबरोबर तितकाच सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा हवा, ओल हवी पण निथळणारे पाणी नको आणि हवा खेळती हवी. वास येतो तो हवा कोंडली की. गॅलरीतल्या भोके पाडलेल्या बादलीत चौघांच्या घराचा ओला कचरा सहज जिरतो. पुणे महापालिकेने गांडूळखत करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देऊ केली, नव्या सोसायट्यांना बांधकामाच्या परवानगीतच खतप्रकल्पाची अट घातली. अट पाळलीही गेली. म्हणजे खड्डे बांधले गेले. त्या खड्ड्यांत आज काय आहे, ते आपापल्या इमारतीमागे जाऊन पाहावे. बऱ्याच ठिकाणी मोडक्या खुर्च्या आणि उरलेल्या फरशा सुखाने नांदताना दिसतील. बायोगॅसचे मोठे प्रकल्पही याच दुखण्याने अडतात. ओल्या कचऱ्यात काचेचा तुकडा, गुटख्याची पुडी, सलाइनची नळी येऊ लागली की यंत्र बंद पडते आणि दोष यंत्राला दिला जातो.

आता सुक्याकडे वळू. आपण विकत नाही असा सुका कचराही कुणीतरी वेचते, विकते आणि कारखान्यापर्यंत पोचवते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम पुण्यात बहुतांशी दलित स्त्रियांनी केले आहे, तेही आपण एकत्र केलेल्या घाणीत हात घालून. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने या स्त्रियांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यांना प्रथम मिळवायचे होते ते ओळखपत्र, कारण पाठीवरच्या पोत्याकडे पाहून चोरीचा संशय घेणारे रस्तोरस्ती होते. पुढे याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घ्यायचा, घरटी दरमहा शुल्क घ्यायचे आणि सुका माल विकून येणारे पैसे वेचकाने ठेवायचे, अशी ती रचना. उकिरड्यावरची बाई दारापर्यंत आली, हा त्यातला मोठा फरक. तरी उघडे सॅनिटरी पॅड हाती येणे थांबले नाही. २०१३ मध्ये या स्त्रियांनी अशा पॅडच्या पिशव्या ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिल्या. असे पॅड नीट गुंडाळून द्यावे, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांत आले.

पण खरी गोम वेगळीच आहे. कचऱ्याच्या धंद्यात दोघांचे हितसंबंध नेमके उलटे आहेत. ज्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात, त्याला कचरा जितका ओला, जितका मिसळलेला, जितका जड, तितका चांगला. तुम्ही घरी खत केलेत तर त्याचे वजन घटते. वेचकाचे उलटे. तिची कमाई वेगळ्या केलेल्या मालावर आणि घरांच्या संख्येवर. वजन वाढले तर तिला फक्त ढकलगाडी जड होते. गृहिणींना ‘दोन बादल्या ठेवा’ असे सांगणाऱ्या महापालिका टनावर पैसे मोजणारे वाहतुकीचे ठेके देतात, तेव्हा त्या एका हाताने जे जोडतात ते दुसऱ्या हाताने मोडतात. दोन बादल्यांचा कचरा खाली एकाच गाडीत पडताना दिसला की तिसऱ्या दिवशी घरातली दुसरी बादली कपडे भिजवायला जाते. त्या गृहिणीला बेशिस्त कसे म्हणायचे?

भाव निर्माण करूनही हे साधता येते. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. कल्पना उत्तम होती. ती मुळात आपल्या स्वयंपाकघरातलीच होती.

‘स्वच्छ’चा करार २०२० च्या अखेरीस संपला, तेव्हा नव्या कराराचा निर्णय होईपर्यंत हजारो वेचकांचे काम मुदतवाढींवर चालत राहिले. कचरा रोज उचलला जात होता, त्यामुळे घराघरांत कुणाला काही कळले नाही. असे करार पुन्हा येतील, पुण्यात येतील तसे इतर शहरांतही येतील. त्यांतले एक कलम नागरिकांनी मागून घेऊन वाचावे: पैसे टनावर द्यायचे ठरले आहेत की घरावर.