विश्लेषण : ‘सबमिट’ दाबलं, चक्र फिरत राहिलं… अर्ज गेला की नाही?

मुदत संपायला तासभर उरलेला. शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा किंवा प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरून होतो, ‘सबमिट’ दाबलं जातं, पडद्यावर चक्र फिरू लागतं आणि फिरतच राहतं. पुन्हा दाबलं तर दोन अर्ज जातील, नाही दाबलं तर कदाचित एकही जाणार नाही. वर लाल अक्षरांत सूचना असतेच : ‘बटण दोनदा दाबू नये, पान रिफ्रेश करू नये.’ माझ्या मते ही सूचना म्हणजे संकेतस्थळ बनवणाऱ्यानं आपलं काम अर्जदाराच्या गळ्यात मारणं आहे. असं का म्हणतो, हे कळण्यासाठी बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते आधी पाहू.

फॉर्म भरत असता तोवर माहिती साधारणपणे तुमच्या फोनमध्येच असते. मोबाइल क्रमांक दहा अंकी आहे का, चांदणीचे रकाने भरले का, ही तपासणीही बहुतेक वेळा ब्राउझरच करतो. ‘सबमिट’ दाबल्यावर तो प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यातली माहिती यांच्या जोड्या बांधून सर्व्हरकडे पाठवतो. तिथला प्रोग्राम ती माहिती पुन्हा तपासतो, डेटाबेसमध्ये नोंदवतो आणि ‘अर्ज प्राप्त झाला’ असं पान तयार करून परत पाठवतो. सर्व्हरनं फॉर्ममधली माहिती दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती कशी द्यायची, याची ‘सीजीआय’ नावाची पद्धत अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात १९९३ मध्ये ठरली. नंतर भाषा बदलल्या, यंत्रं बदलली. जाणं, नोंद होणं आणि उत्तर येणं हा प्रवास तोच राहिला.

घोळ होतो तो या प्रवासात. माहिती जातानाच हरवली, तर नोंद होत नाही. नोंद झाली, पण उत्तराचं पान येताना हरवलं, तर अर्ज दाखल झालेला असतो आणि अर्जदाराला मात्र ते कळत नाही. फोनवरून पाहिलं तर दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. फोन कितीही महागडा घ्या, फरक कळणार नाही.

ब्राउझरलाही धोका माहीत असतो

वेबच्या नियमांत माहिती मागण्यासाठी ‘गेट’ आणि पाठवण्यासाठी ‘पोस्ट’ अशा दोन मुख्य पद्धती आहेत. ‘गेट’ कितीदाही केलं तरी बिघडत नाही. ‘पोस्ट’ दोनदा केलं, तर काम दोनदा होऊ शकतं. म्हणूनच असं पान रिफ्रेश करताना ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असं विचारतो. (पत्त्याच्या पट्टीत तुमचं नाव किंवा मोबाइल क्रमांक दिसत असेल, तर त्या फॉर्मनं ‘गेट’ वापरलं असण्याची शक्यता आहे. खासगी माहितीसाठी ते वाईटच, कारण ती ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहते.)

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. फॉर्म उघडतानाच सर्व्हरनं त्याला एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर नवा अर्ज न घेता पहिल्याचीच पोच दाखवायची. पेमेंटच्या क्षेत्रात याला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात. शब्द जड आहे, पण काम टोकनसारखं : एकच टोकन दोनदा दाखवलं, तरी धान्य एकदाच. इथं मात्र बहुतेकदा उलटं होतं. अर्ज क्रमांक मिळतो सगळ्यात शेवटी, यशाच्या पानावर. म्हणजे जे पान वाटेत हरवण्याची भीती आहे, नेमकं त्यावरच पुरावा छापलेला!

पैशांच्या बाबतीत आपण हे चालवून घेत नाही. यूपीआयवरून एखाद्याला पाठवलेले पैसे आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. वर्षभराची शिष्यवृत्ती ज्या अर्जावर अवलंबून आहे, तो वाटेत अडकला तर मात्र उत्तर मिळतं, ‘स्क्रीनशॉट आहे का?’

कायदा खरं तर अर्जदाराच्या बाजूनं झुकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, समोरच्यानं ठरवून दिलेल्या संगणक यंत्रणेत नोंद शिरली की ती ‘मिळाली’ असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. पोचपावतीचं पान तुमच्या फोनवर उमटलं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. पण ती शिरली हे दाखवणारा सर्व्हरचा लॉग कार्यालयाकडे असतो, अर्जदाराकडे नाही. तेव्हा वाद झाला तर लॉग तपासण्याची जबाबदारी कार्यालयाचीच असायला हवी.

‘लोक शेवटच्या रात्रीच का भरतात?’ हा प्रश्न रास्त आहे. पण अर्जाला जोडायचा उत्पन्नाचा दाखलाच कित्येकांच्या हातात उशिरा पडतो, हेही खरं. शिवाय खात्री नसली की माणूस पुन्हा पुन्हा दाबतो, दर वेळी नवी विनंती जाते आणि आधीच धापा टाकणारा सर्व्हर आणखी दमतो. क्रमांक आधीच हातात असेल, तर हा भारसुद्धा कमी होईल.

तोवर एवढं करता येईल. चक्र अडकलं, तर लगेच पुन्हा दाबू नका. नवीन टॅबमध्ये लॉग-इन करून ‘माझे अर्ज’ किंवा अर्जाची स्थिती पाहा, एसएमएस आणि ईमेल तपासा. शुल्क भरलं असेल, तर दुसऱ्यांदा भरण्याआधी बँकेच्या खात्यात वजावट दिसते का ते बघा. काहीच सापडलं नाही, तर अडकलेल्या पानाचा वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच पुन्हा अर्ज भरा आणि त्याच दिवशी हेल्पडेस्कला ईमेल करा. फोनवरच्या तक्रारीचा पुरावा उरत नाही, ईमेलचा उरतो.