रेझियाची हॅट

‘काय बायकांसारखा रडतोस!’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मुलगा आपल्याकडे विरळा. गुडघा फुटला तरी ते ऐकू येते, घरातले आजोबा गेले तरी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पण त्या तीन शब्दांत केवढा निवाडा दडलेला असतो! रडावे ते बायकांनी. पुरुषाने गिळून टाकावे. गिळलेल्या दुःखाचे पुढे काय होते, हे दोन इंग्रज लेखिकांनी मला जेवढे स्वच्छ दाखवले तेवढे दुसऱ्या कोणी दाखवले नाही. वाचकहो, दिवाळीच्या फराळात हा विषय जरा तिखट वाटेल. पण चकली तिखट लागली म्हणून ती कोणी टाकून देत नाही.

युरोपातल्या वैद्यकाने मनाच्या कित्येक विकारांना ‘हिस्टेरिया’ म्हटले. शब्द आला तो गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून. दुखणे बायकांचेच, हे नावातच ठरलेले! मग १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि खंदकांतून धडधाकट जवान परतू लागले ते थरथरत, वाचा गेलेले, डोळ्यांना इजा नसताना आंधळे झालेले. त्यांना बायकांचे दुखणे कसे चिकटवायचे? १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांनी ‘शेलशॉक’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. नाव तेवढे मर्दानी मिळाले. संशय गेला नाही. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली!

युद्ध चालू असतानाच, १९१८ साली, रिबेका वेस्ट यांची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ ही छोटीशी कादंबरी निघाली. ख्रिस हा सधन घरचा अधिकारी आघाडीवरून येतो तो मागची पंधरा वर्षे विसरून. देखणी पत्नी किटी त्याला ओळखू येत नाही. आठवते ती तरुणपणची मार्गारेट, आता गरिबीने आणि संसाराने थकलेली. तिच्याजवळ तो सुखी असतो. त्याची स्मृती जागी करायला त्याच्या मेलेल्या मुलाचे कपडे आणि चेंडू त्याच्यापुढे न्यायचे असतात, आणि ते काम मार्गारेटच करते. आपले सुख आपल्याच हाताने मोडते. ख्रिस बरा होतो. म्हणजे पुन्हा ताठ चालीचा शिपाई होतो, खंदकात धाडायला लायक होतो. असल्या बरे होण्याला काय म्हणावे?

सात वर्षांनी, १९२५ साली, व्हर्जिनिया वूल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ आली. १९२३च्या जूनमधला लंडनचा एकच दिवस. एकीकडे रात्रीच्या मेजवानीत गुंतलेली क्लॅरिसा डॅलोवे, दुसरीकडे सेप्टिमस हा कारकून. शेक्सपिअरच्या वेडाने भारलेला हा हळवा पोरगा लढाईवर जातो आणि तिथे ‘मर्द’ होतो. त्याचा जिवलग अधिकारी इव्हान्स युद्धबंदीच्या थोडे आधी मरतो, तेव्हा आपल्याला फारसे काही वाटले नाही याचा त्याला अभिमान वाटतो. धडा पाठ झालेला! पुढे मात्र काहीच वाटत नाही याचीच धास्ती बसते. त्या धास्तीत तो मिलानमधल्या, हॅट बनवणाऱ्या रेझियाशी लग्न करतो. लंडनमध्ये मेलेला इव्हान्स त्याला दिसू लागतो.

डॉक्टर होम्स सांगतात, काही झालेले नाही, छंद लावून घ्या. बडे तज्ज्ञ सर विल्यम ब्रॅडशॉ निकाल देतात: घरापासून आणि बायकोपासून दूर, अंथरुणात सक्तीची विश्रांती. हा उपचार त्या काळी बहुधा बायकांच्या वाट्याला येई. वूल्फबाईंनी तो स्वतः भोगला होता: निजणे, दूध पिणे आणि लिहायला बंदी. ब्रॅडशॉंच्या पत्नीविषयी त्या थोडक्यात सांगतात, की पंधरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या मर्जीखाली बुडाली. भांडण नाही, तंटा नाही. पण तिला कोणी रोगी म्हणत नाही. आदर्श गृहिणी म्हणतात.

आणि मग तो हॅटचा प्रसंग. ओळखीच्या बाईच्या लेकीसाठी रेझिया हॅट करीत बसली आहे. सेप्टिमस फिती आणि फुले हाती घेतो, रंग जुळवतो, ती शिवते. हॅट झकास जमते. कित्येक दिवसांनी नवराबायको मनापासून हसतात. बड्या डॉक्टरांना जे जमले नाही ते घटकाभर का होईना, ‘बायकी’ कामाने केले! तेवढ्यात होम्स जिना चढून येतात आणि वाट अडवणाऱ्या रेझियाला बाजूला सारतात. सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो. होम्स त्याला भ्याड ठरवून मोकळे होतात.

१९२८ साली एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत वूल्फबाईंनी सांगितले, की पहिल्या बेतात सेप्टिमस नव्हताच. मरायची होती ती क्लॅरिसा. शिपायाची जखम आणि दिवाणखान्यातल्या बाईची जखम त्यांनी एकाच मापाने मोजली होती, ती अशी.

रात्री मेजवानीत त्या मरणाची बातमी पोचते. क्लॅरिसा एकटीच आतल्या खोलीत जाऊन त्या अनोळखी तरुणाचा विचार करते. रेझियाचे नाव मात्र त्या घरात कोणी काढीत नाही. तिला होम्सनी कसलेसे गोड औषध पाजून गुंगवले आहे. तिच्या दुःखाला नाव नाही, तज्ज्ञ नाही, तारीख नाही.

म्हणून मला वाटते, मुलगा रडला तर त्याला खुशाल रडू द्यावे. पण त्याला पोटाशी धरून बसलेली जी कोणी असेल तिलाही कधी विचारावे, ‘बाई गं, तुझे काय?’