उशाशी निळा दिवा नको

रात्री ट्यूब बंद केली तरी आपल्या घरात अंधार होत नाही. टीव्हीचा लाल ठिपका, सेट-टॉप बॉक्सचा हिरवा, चार्जरचा निळा, इन्व्हर्टरचा लुकलुकणारा दिवा जागाच असतो. ऐपतीच्या घरात ही यंत्रे बैठकीत राहतात आणि माणसे आतल्या खोलीत झोपतात. डोंगरकड्याची वस्ती असो की शहरातली, आपल्याकडे टीव्ही, अभ्यास, स्वयंपाक आणि झोप एकाच खोलीत. त्यामुळे हे सगळे दिवे लेकरांच्या उशाशी येतात.

“एवढ्याशा दिव्याने काय होते, ताई?” असे बाया आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य सोडते. रात्र झाली, असा तो शरीराला निरोप असतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी उजेड ओळखून हा निरोप अडवतात, आणि निळ्या उजेडाने त्या सर्वांत जास्त जाग्या होतात. पूर्वी यंत्रांना मंद लाल किंवा हिरवा दिवा असे. 1990 च्या दशकात जपानमध्ये प्रखर निळा एलईडी तयार झाला. त्या शोधाला 2014 चे नोबेल मिळाले. आज तो स्वस्तातल्या चार्जरवरही आहे.

एकट्या ठिपक्याने झोप उडते असे आम्ही म्हणत नाही. पण लहान खोलीत पाच-सहा दिवे, त्यात एखादा लुकलुकणारा, आणि माणसाची झोप आधीच हलकी, मग त्रास होतोच. रात्रीच्या विजेवर हळदीला पाणी देऊन आलेला बाप, पहाटे उठणारी आई, दहावीचे लेकरू, यांच्या वाट्याला झोपेचे तास मोजकेच असतात. तेही अर्धवट का जावेत?

उपाय फुकटचा आहे. टीव्ही रिमोटने नाही, बोर्डावरून बंद करा. मोबाइल झाला की चार्जर काढा. जे बंद करता येत नाही त्याच्या दिव्यावर वायरमनची काळी पट्टी चिकटवा. हवेची भोके मात्र झाकू नका. डासांचे मशीन चालू राहू द्या, तोंड भिंतीकडे करा. विंचू-सापाचे भय असते, म्हणून बॅटरी उशाशी ठेवा.

आता थोडे अवघड बोलतो. अनेक घरांत तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेभोवती निळ्या दिव्यांची माळ रात्रभर चालू असते. ती बंद करणे म्हणजे अनादर, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. वंदनेला माळ लावा, निजताना बंद करा. निळा आपला रंग आहे, तो झेंड्यावर शोभतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करणारा कायदा मांडला. 1946 मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. राबणाऱ्याला विश्रांती मिळावी हाच त्यामागचा विचार. 2012 मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्कात मोडते असे म्हटले. झोप हे श्रीमंतांचे लाड नाहीत. हक्क कागदावर मिळाला आहे, तो घरात आणायला आज रात्री पट्टीचा एक तुकडा पुरेल.

जय भीम!