शेणात हात कोणी घालायचा?

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला होता, आठवत असेल. चॅपलमागची मोकळी जागा, पालापाचोळ्याचा कमरेएवढा ढीग आणि त्याच्याभोवती घमेली-फावडी घेऊन हसणारे आम्ही नऊ जण. फोटोला भरपूर लाइक मिळाले. त्या फोटोत एक माणूस नाही. मला लिहायचंय ते त्याच्याबद्दल आणि माझ्याबद्दल. पण आधी ढिगाबद्दल सांगते, नाहीतर वाङ्मय मंडळाने खत का करावं हा प्रश्न तसाच राहील.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला 'इंदूरचं मराठी योगदान' या विषयावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. अहिल्याबाई, होळकर, राजवाडा हे सगळं दरवर्षी होतं. वेगळं काही शोधताना मला १९३१ सालचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. विषय शेतीतल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याचा. मुखपृष्ठावर दोन नावं होती : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड माहीत होते, कारण सेंद्रिय शेतीबद्दल कुठेही वाचलं की ते भेटतातच. वाड मात्र मला कुणीही कधीही भेटवले नव्हते. आडनाव ओळखीचं, गाव आपलं, आणि मी वीस वर्षं याच गावात राहते!

तर गोष्ट अशी. १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' सुरू झाली. होळकर दरबाराने तिला ३०० एकर जमीन दिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. मुख्य काम कापसाचं होतं, पण हॉवर्डना आधी काळजी जमिनीची. माळव्याची काळी जमीन दरवर्षी पीक देणार, तिला परत काय मिळणार? शेण तर चुलीत जातं. मग शेतात जे उरतं, तण, पाला, पऱ्हाट्या, तुराट्या, गोठ्यातलं खाली सांडलेलं, त्या सगळ्याचं खत करायची एक रीत तिथे सात वर्षांत बसवली गेली. हॉवर्डनी तिला स्वतःचं नाव दिलं नाही. इंदूर दरबाराच्या मदतीची आठवण म्हणून 'इंदूर पद्धत' म्हटलं. पुढे ती आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि सिलोनच्या चहाच्या मळ्यांत गेली. जगभरच्या बागकामाच्या पुस्तकांत 'इंदूर' हा शब्द आजही खताचा शब्द म्हणून येतो. आपल्याला मात्र इंदूर म्हटलं की पोहे-जलेबी आणि सराफा आठवतो. (दोन्हींना माझा काहीही विरोध नाही.)

या पद्धतीत मला आवडलं ते हे, की तिच्यात विकत घ्यायचं काहीच नाही. पऱ्हाटीच्या काड्या टणक, लवकर कुजत नाहीत. मग यंत्र आणायचं का? नाही. त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या, येता-जाता बैलगाड्यांची चाकंच त्यांचा भुगा करतात. तो भुगा बैलांखाली अंथरायचा, म्हणजे मूत्र त्यात मुरतं. गोठ्यातली मूत्र प्यालेली मातीही खरवडून घ्यायची आणि चुलीतली राखही. मग पाल्याचा थर, त्यावर शेणाचा पातळ थर, वर माती आणि राख, पाणी शिंपडायचं, पुन्हा पाला. आत हवा खेळली पाहिजे म्हणून ढीग अधूनमधून पलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्डा न करता जमिनीवरच ढीग रचायचा, म्हणजे पाणी साचत नाही.

हे मी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "बोलतेस कशाला, करून दाखव ना!"

आता खरं सांगायचं तर मी हे आधी एकदा करून फसले होते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरी प्लास्टिकच्या पिंपात ओला कचरा साठवायला सुरुवात केली होती. भाजीची देठं, चहाचा चोथा, खरकटं, सालं, सगळं आत. महिन्याभरात असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि पिंपाकडे न बघता, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बेटा, घरात कोणी आजारी आहे का?" झाकण उघडलं तर आत अळ्यांची वळवळ. शेवटी तो सगळा लगदा सकाळच्या कचरागाडीत गेला. माझी चूक आजीने एका वाक्यात सांगितली : "नुसता वरणभात कालवलास, त्यात कोरडं काहीच नाही." शास्त्राच्या भाषेत कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण तीसास एक लागतं. खरकट्यात नायट्रोजन जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त. आजीला हे आकडे माहीत नव्हते. तिच्या माहेरी परसात उकिरडा होता, तेवढ्यावर तिचं भागलं.

कॉलेजात तर वाळका पाला हवा तेवढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि शिरीष जी पानगळ करतात ती रोज पोत्यांत भरून बाहेर जाते. कॅन्टीनमधून भाजीची सालं मिळाली. अडलं ते शेणावर. गाव स्वच्छ करताना म्हशी-गायींचे गोठे शहराबाहेर गेले, त्यामुळे आता इंदुरात शेण शोधायला पत्ता विचारावा लागतो. अॅपवर गोवऱ्या मिळतात, चक्क पॅकिंगमध्ये, पण ओलं शेण नाही. शेवटी आपल्यातल्या एकाच्या ओळखीने राऊच्या पुढच्या एका दूधवाल्याकडून दोन पोती आली, तीही स्कूटरवर. आणणाऱ्याची स्कूटर दोन दिवस कुणी मागितली नाही.

इथे कुणी विचारेल, आणि आपल्या मॅडमनी विचारलंच, की हा खटाटोप कशाला? शहरात सगळी सोय आहे. २०१७ साली इंदूर देशात पहिलं आलं आणि तेव्हापासून येतच राहिलं. दारात गाडी येते, ओलं-सुकं वेगळं घेते. देवगुराडियाला २०२२ साली जो बायो-सीएनजीचा कारखाना सुरू झाला, त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. तिथे गॅस होतो, गॅसवर बस चालते, वर खतही होतं. मग तुमचं कमरेएवढं ढिगाचं कौतुक किती?

प्रश्न रास्त आहे. मी शहराच्या नंबराला नाक मुरडणाऱ्यांतली नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला जी कचरापेटी होती, तिच्याजवळून श्वास रोखून पळत जावं लागायचं. ती गेली, हे चांगलंच झालं. पण या सगळ्यात आपण एक गोष्ट शिकलो, कचऱ्याला हात न लावता तो नजरेआड करायला. हिरव्या डब्यात टाकला, निळ्या डब्यात टाकला, गाडी गेली, आपलं काम संपलं. पुढे तो कुणाच्या हाताखालून जातो? डब्यात चुकून गेलेलं प्लास्टिक, काच, पिशवीत गाठ मारून टाकलेलं अजून काही, ते वेगळं करणारे हात कुणाचे आहेत? नंबर आपला आणि हात त्यांचे.

इंदूर पद्धत नुसत्या शेतापुरती राहिली नव्हती, हेही मला याच शोधात कळलं. हॉवर्ड १९३१ मध्ये परत गेले. वाड इथेच काम करत राहिले आणि १९३४ मध्ये जॅक्सन यांच्यासोबत त्यांनी माणसांच्या वस्तीतल्या घाणीचं, म्हणजे मैला आणि केरकचरा यांचं खत याच पद्धतीने कसं करावं यावर पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था बघून गेले आणि 'हरिजन'मध्ये त्यांनी या खताबद्दल लिहिलं. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष खताचा खड्डा बघायला जातो, हे आपल्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. निदान मॅडमना तरी मी हेच उत्तर दिलं.

आता त्या दिवसाकडे येते.

शनिवारी सकाळी आम्ही जमलो. पाला पसरला, सालं टाकली, गाणी लावली, मजा चालली होती. मग शेणाचं पोतं उघडलं. शेणात पाणी घालून, हाताने कालवून, तो काला थरावर शिंपडायचा होता. नऊ जण पोत्याभोवती उभे. ग्लोव्हज आणायचे राहिले होते. कुणी म्हणे माझ्या हाताला जखम आहे, कुणी म्हणे मला अकराला क्लास आहे. आणि आवारात झाडू मारणारे भैया तिथून चालले होते, त्यांना मी हाक मारली. होय, मीच. "भैया, जरा ये डाल दोगे क्या?"

ते थांबले. म्हणाले, "मॅडम, ये तो आप लोगों का प्रोजेक्ट है ना?" त्यात टोमणा होता की साधा प्रश्न, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी झाडू बाजूला ठेवला, बाह्या वर केल्या आणि पाच मिनिटांत बादलीत शेण कालवून थरावर शिंपडलं. जाता जाता सांगूनही गेले की पाला कोरडा आहे, खालून भिजवा, नाहीतर आतून सुकाच राहील. ते बरोबर होतं. त्यानंतर आम्ही हात पुसले, जे मळलेच नव्हते, आणि फोटो काढला.

रात्री तो फोटो बघताना मला लाज वाटली. नेमकी कशाची हे कळायला दोन दिवस लागले. त्यांना काम सांगितलं याची नाही, मोबदला दिला असता तर हिशेब मिटलाही असता. लाज याची, की नऊ जणांना जे करवत नव्हतं ते करणारा माणूस मला न शोधता सापडला. कोण हे करेल हा प्रश्नच मला पडला नाही. माझी जीभ आधीच तिकडे वळली होती. ही सवय मी लावून घेतलेली नाही, ती माझ्या घरात, गल्लीत, शहरात कधीची आहे.

अप्पासाहेब पटवर्धनांबद्दल मी शाळेत एक ओळ वाचली होती, 'कोकणचे गांधी' एवढीच. आता नीट वाचलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं. ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगाने नकार दिला. जातीनुसार काम, असा तिथला नियम. त्यासाठी त्यांनी अन्नत्याग आरंभला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग केले. 'सोनखत' हा शब्द बघा. घाणीला सोनं म्हणणारी भाषा आपली, आणि ते सोनं हाताळणाऱ्याला दूर उभं करणारा समाजही आपलाच. वाङ्मय मंडळात या शब्दावर एक निबंध होईल. पण मला वाटतं निबंधाच्या आधी हात घालावा.

म्हणून मी मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक, तो फोटो आपल्या पानावरून काढावा. कुणी म्हणालं, भैयांना घेऊन नवा काढू. त्यांनाच विचारलं, तर ते हसून म्हणाले, "फोटो रहने दो, पानी रोज डालो." दोन, कॉलेजच्या 'हरित परिसर' पुरस्काराच्या अर्जात हा ढीग दाखवायचाच असेल, तर आधी पाळ्यांची यादी करावी. शेण, पलटणं, पाणी, सगळं पाळीने. अध्यक्ष, सचिव, कवी, सूत्रसंचालक, कुणालाही सूट नाही. दुसऱ्या मुद्द्यावर अजून एकमत नाही. "आपण लिहिणारी माणसं" असं एक वाक्य बैठकीत बोललं गेलं. बोलणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तो माझा चांगला मित्र आहे आणि पहिल्या पलट्याला तो आला होता.

पहिला पलटा गेल्या आठवड्यात झाला. ढिगाच्या पोटात हात घातला तर आत चटका बसावा इतकं ऊन. कुजणाऱ्या पाल्यात अब्जावधी जिवाणू कामाला लागले की आतलं तापमान ६० अंशांच्या वर जातं, हे वाचलं होतं, पण हाताला कळणं वेगळं. वास नव्हता. पहिल्या पावसानंतर येतो तसा काहीसा होता. शेण माझ्या कोपरापर्यंत लागलं आणि ते धुवायला साबणाच्या तीन फेऱ्या लागल्या. घरी आजीने हात हुंगला आणि म्हणाली, "हं. आता शिजतंय."

दुसरा पलटा येत्या शनिवारी सकाळी आठला आहे, वर्ग सुरू व्हायच्या आत. फावडी दोन आहेत, घमेली तीन, दाताळं एकच. नऊपैकी सहा नावं यादीत आली आहेत.