ओळखूच येत नाही!

कृत्रिम हात किंवा पाय बसविलेल्या माणसाला आपण एक प्रशस्तिपत्र हमखास देतो : "अगदी खऱ्यासारखा! ओळखूच येत नाही." बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, हे मान्य. पण ओळखू आला असता तर ती लाजेची गोष्ट ठरली असती, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

जळगाव-धुळ्याकडे कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात हात गमावलेला शेतकरी घ्या. नखांचा, शिरांचा, कातडीच्या रंगाचा हात त्याला बसवतात, तो कोणासाठी? त्याने भाकरी मोडत नाही, विळा धरवत नाही. वरचा मोजा डाग पडून विटतो, ते वेगळेच. दुभंगलेल्या लोखंडी आकड्याचा हात यातली बरीच कामे करतो. पण तो "बरा दिसत नाही", विशेषतः घरात मुलीची सोयरीक चालू असेल तर! मग कामाचा हात कोनाड्यात आणि शोभेचा बाहीत.

बरे, पाहणाऱ्याचे तरी समाधान होते का? जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० साली आपल्या निबंधात नेमका कृत्रिम हातच उदाहरणाला घेतला. लांबून खरा वाटलेला हात हाती घेताच थंडगार, बिनहाडाचा लागतो आणि अंगावर शहारा येतो. साम्य वाढत जाते तशी आपुलकी वाढते आणि अगदी शेवटच्या टप्प्यात एकदम दरीत कोसळते, असे त्यांचे म्हणणे. त्यांना पसंत पडला तो बुद्धमूर्ती घडविणाऱ्या कारागिराचा लाकडी हात : लाकडाच्याच रंगाचा, ठसे नसलेला, आणि तरीही सुंदर.

रूपाला किंमत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेल्या रबरी पायाला बोटे आहेत, सावळा रंग आहे. आधीच्या विलायती पायाला बूट लागत असे. या पायाने अनवाणी चालता येते, शेतातल्या चिखलात उतरता येते, मांडी घालून बसता येते. तिथे रूप आले ते कामाचा हात धरून. ज्याला स्वतःच्या समाधानासाठी हुबेहूब हात हवा, त्यानेही तो खुशाल घ्यावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून त्याने तो का वागवावा?

कागदोपत्री "अपंग"चे "दिव्यांग" झाले. पंगतीत मात्र आकड्याने भाकरी मोडणाऱ्याच्या शेजारचे पान आजही सर्वांत शेवटी भरते.