कुरकुरीची कसोटी
पंक रॉक, म्हणजे मोजक्याच स्वरसंघांवर वेगाने वाजवले जाणारे १९७०च्या दशकातले बंडखोर संगीत. त्याचे निष्ठावंत चाहते वादकांच्या हाताला सफाई येताच बाटल्याचा ठपका ठेवतात, तरीही लंडनच्या 'द क्लॅश'ने १९७७च्या पहिल्या अल्बममधला आवेश १९७९च्या 'लंडन कॉलिंग'मध्ये जॅझपर्यंत आणि स्का या जमैकन नृत्यसंगीतापर्यंत नेला, ती अस्सल वाढच होती. हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातही हेच घडले: बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी बालवयात थोरांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन वाहवा मिळवली; परंतु क्षयाच्या आजारपणात देवासला माळव्याची लोकगीते कानांत मुरवून त्यांनी जी गायकी घडवली, तिने परंपरेचे रखवालदार बिथरले. नकलेला टाळ्या लगेच मिळतात, वाढीच्या वाट्याला आधी कुरकुर येते. म्हणून जुन्या चाहत्यांपैकी एकाचेही नाक न मुरडवणारा नवा अल्बम पुनर्मुद्रण म्हणूनच विकावा.